मोठ्या साहेबांना ओसरीवर कसं थांबवायचं?

“माझ्या सर्व्हरमध्ये मुंगीसुद्धा शिरणार नाही, अप्पा!”

असं म्हणून शिवलिंग तेरदाळेनं मान ताठ केली. मग ती आपणहून खाली आली.

“एक माणूस शिरतोय तेवढा. तीन आठवडे झाले.”

टेकडीवरच्या मठातले गुरुपादाप्पा चहा गाळत होते. “मग मुंगीनं काय घोडं मारलंय तुझं?”

सर्व्हर म्हणजे पंपाच्या कारखान्यातला मोठा कॉम्प्युटर. त्यावर गावोगावची माणसं आपापल्या खुर्चीत बसून एकच मीटिंग करत. राखण शिवलिंगकडे. तीन आठवडे मीटिंगमधलं बोलणं बाहेर फुटत होतं. परवा नव्या पंपाचा नकाशा मीटिंगमध्ये दाखवला, आणि कालच्या पेपरात दुसऱ्याच कारखान्याच्या जाहिरातीत तो पंप झळकला. हिरव्या रंगासकट.

“मालक म्हणाले, उद्या सकाळी फितुराचं नाव लिहून दे. त्याला काढायचं.”

“मग?”

“लिहिलंय.” शिवलिंगनं खिसा दाबून धरला. “हेरवाडे बाई. मीटिंगचा वृत्तांत त्या लिहितात. मी जवळून गेलो की वही मिटतात.”

“तू किती वेळा जातोस जवळून?”

“दिवसातून दहा-बारा वेळा. नजर ठेवायला.”

अप्पांनी कप पुढे केला. शिवलिंगनं आधी अप्पांना एक घोट घेऊ दिला, मग आपला कप उचलला. तीन आठवड्यांत संशय घ्यायला माणसं पुरेनात म्हणून बिचारा आता मठाच्या मांजराकडे डोळे बारीक करून बघत होता.

“कुलपं काय लावलीस?”

“दर सोमवारी नवा पासवर्ड. नको त्या वाटा बंद. पासवर्ड नसलेला माणूस आला तर मीटिंगबाहेरच्या ओसरीवर थांबतो. मी बघतो, मगच आत घेतो.”

“मी म्हणजे तूच?”

“दुसऱ्या कुणावर विश्वास आहे का?”

इतक्यात दारातून एक गृहस्थ आत आले. जरीचा फेटा, हातात काठी, चालण्यात घाई नाही.

शिवलिंग ताडकन उठला. आपलं घोंगडं झटकून त्यांना बसायला दिलं, पाया पडला, आपला चहा त्यांच्या हातात ठेवला.

“बरं चाललंय ना?” गृहस्थ म्हणाले.

“आपली कृपा!”

गृहस्थांनी चहा संपवला, ताटलीतली दोन केळी उचलली आणि आले तसे निघून गेले.

“कोण होते रे?” अप्पांनी विचारलं.

“मला काय माहीत? तुमच्याकडचे कुणी मोठे असतील.”

“अस्सं… मला वाटलं, तुझ्याबरोबर आलेत.”

“मग विचारायचं नाही का, अप्पा?”

“तू का नाही विचारलंस?”

“एवढा फेटा… आपण कोण म्हणून कसं विचारायचं? रागावले असते तर…”

बोलता बोलता शिवलिंगची नजर त्या रिकाम्या कपावर गेली.

चुलीतलं लाकूड तडतडलं.

“अप्पा… तीन आठवड्यांपूर्वी ओसरीवर एक नाव आलं होतं. ‘मोठे साहेब’. तोंड दिसत नव्हतं, आवाज नव्हता. मला वाटलं, मुंबई ऑफिसचे असतील. मालकांना वाटलं असेल, माझ्या ओळखीचे. मीच आत घेतलं. वर माफी मागितली, थांबावं लागलं म्हणून.”

“आणि पुढच्या वेळी?”

“पुन्हा ताटकळायला नको, म्हणून त्यांचं नाव थेट आत सोडायच्या कायमच्या यादीत घातलं…”

मांजर उठून शिवलिंगच्या मांडीवर येऊन बसलं. त्यानं ते हाकललं नाही.

मग त्यानं खिशातला कागद काढला. उलगडला. पुन्हा घडी घातली.

“पण उद्या नाव तर द्यावंच लागेल, अप्पा. माझं कसं देऊ? पोराबाळांचा माणूस मी. आणि बाईंचं तर लिहूनही झालंय.”

“मग राहू दे तसंच,” अप्पा म्हणाले. “खाली सही तेवढी ‘मोठे साहेब’ अशी कर. कुणी काही विचारणार नाही.”