पडायचं कुठं, तेवढं सांगा

जयसिंगपूरच्या गॅरेजवाल्या कुंदा लोहारला सरळ रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यतीत हरवणारं अजून कोणी निघालं नव्हतं. म्हणून तर शर्यती भरवणाऱ्या दोन संघटनांचे अध्यक्ष एकाच सकाळी तिच्या दारात येऊन थडकले. दोघांच्या शर्यती एकाच रविवारी, वीस किलोमीटरच्या अंतरावर. त्यात नियम असा, की एकीकडे धावलं की दुसरीकडे कायमची बंदी.

"आमची संघटना जुनी आहे, पोरी. तिकडं गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस," धैर्यशीलराव म्हणाले.

"आमची राज्य पातळीवरची आहे," बापूसाहेब म्हणाले. "विचार कसला करतेस? सही कर."

कुंदाचं डोकं केव्हाच तापलं होतं. गेल्या साली शर्यतीत तिचा भाऊ पडला, तेव्हा रुग्णवाहिका आलीच नाही. मोडका पाय घेऊन तासभर तो रस्त्यावर विव्हळत होता. तिनं पाना खाली ठेवला आणि दोघांची पत्रकं शेजारी शेजारी धरली. दोन्हींवर 'रुग्णवाहिका हजर' असं ठळक छापलेलं, आणि खाली ड्रायव्हरचा फोन नंबर एकच.

"काका, तुम्ही म्हणाल तिथं सही करते," ती म्हणाली. "पण शर्यती दोन आणि रुग्णवाहिका एक. तेव्हा मी पडायचं कुठं, तेवढं आपसांत ठरवून सांगा."

अध्यक्षांनी एकमेकांचं पत्रक पहिल्यांदाच नीट वाचलं.

त्या रविवारी कुंदानं गाडी बाहेर काढली नाही, आणि तिला बघायला येणारी माणसंही दोन्हीकडे फिरकली नाहीत. महिन्याभरानं बापूसाहेबांनी संघटनेची स्वतःची रुग्णवाहिका तिच्या दारात आणून उभी केली. कुंदानं आधी तिचं इंजिन चालू करून पाहिलं, मग सही केली.