मुखत्यारांचा कोट आणि कर्नलची मापं

देवाशपथ, ही गोष्ट अगदी खरी आहे. मी तिथं नव्हतो आणि ते गावही कुणी पाहिलेलं नाही, एवढंच.

ते गाव ढगांत तरंगायचं. त्याला तोलून धरणारे पंखे संगणकावर चालत. मुखत्यार गजपतराव दर पौर्णिमेला संगणकांना नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पाठवत. त्याची मापं सांगणाऱ्या हेडर फाइली मात्र सोबत देत नसत.

"ज्याला हव्यात तो मागेल!" ते म्हणत.

मग जुन्या मापांचे ड्रायव्हर, म्हणजे पंखे हलवणारे प्रोग्राम, नव्या गाभ्यावर बसत नसत, पंखे थांबत आणि गाव धुक्यातून हळूहळू डोंगराच्या सुळक्याकडे उतरू लागे.

या खेपेला सुळका अंगणाला टेकला, तेव्हा पंखेवाली इंदुमती तक्रार घेऊन गेली.

"आधी माझ्या सत्काराचा कोट शिवून आण," मुखत्यार म्हणाले.

कोट आला. घालताच बटणं तुटून ढगांत विरघळली.

"ही कुणाची मापं?"

"तुमचीच, तरुणपणीची. नवी शिंप्यानं मागितली नाहीत."

"मागायची कशाला? माणूस बदलला की मापंही सोबत धाडायची!"

"मग कर्नलनं काय पाप केलंय, मुखत्यारसाहेब?"

त्याच दुपारी कर्नल आणि हेडर एकाच गाठोड्यात निघाले. गाव पुन्हा वर तरंगलं.

गाव मी रचलं, पंखेही माझेच. बटणं तुटलेले मुखत्यार मात्र खरे. ते आमच्याच ऑफिसात बसतात.