गप्प बसलेल्या संगणकाचा मान

एका दूधसंघात विश्वंभरकाका नावाचे संगणकप्रमुख होते. असे एक काका प्रत्येक संघात असतात.

गावोगावच्या केंद्रांवर संगणक होते. सकाळी दूध मोजून झालं की केंद्राचा संगणक संघाच्या संगणकाशी जोडला जायचा आणि किती दूध आलं ते सांगायचा. संघाकडून 'मिळालं' असं उत्तर आल्याशिवाय टँकरवाला दूध भरून घेत नसे.

दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला जे दार लागतं, त्याला सॉकेट म्हणतात. संघाच्या दारावरचा प्रोग्रॅम काकांनी फार पूर्वी लिहिला होता, आणि तो होताही त्यांच्याच स्वभावाचा. एकाशी बोलणं सुरू झालं की ते संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही!

एका कडक उन्हाळ्यात बोरखेडचा संगणक जोडला गेला आणि एकदम गप्प झाला. मागे सगळी केंद्रं ताटकळली. ऊन चढलं. माळेवाडीच्या केंद्रावरून अनसूयाबाईंचा फोन आला.

"काका, कॅन तापलेत हो. दूध नासलं तर गावाला काय तोंड दाखवू?"

"बोरखेडचं चाललंय. ते झालं की तुमचं घेऊ."

काकांच्या हाताखाली काम करणारी वैजू वैतागली. "काय डोंबलाचं चाललंय? एक अक्षर आलेलं नाही तिकडून. जो बोलत नाही त्याला मुदत घाला, नाहीतर सोडा. तोवर बाकीच्यांचं ऐका. सॉकेटमध्ये सोय आहे तशी. मी करते, बसा तुम्ही."

"हात लावू नकोस! आधी आलेल्याला मधेच तोडायचं, ही कुठली रीत? तुझ्या वयाचे असताना आम्ही वरिष्ठांसमोर तोंड उघडत नव्हतो."

"दिसतंय ते तुमच्या प्रोग्रॅममध्ये."

तिने सरळ बोरखेडला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "संगणक? अहो ताई, सकाळीच लाइट गेली. बंद पडलाय तो."

म्हणजे इतका वेळ सगळे एका बंद डब्याचा मान राखत बसले होते. वैजूने धावपळ करून दार मोकळं केलं, पण तोवर माळेवाडीचं दूध फाटलं होतं. अनसूयाबाईंनी कॅन उकिरड्यावर रिकामे केले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग आपण बंद पडतोय, हे त्याने कळवायला नको?"

तात्पर्य: एकाची वाट बघत बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवणं ही शिस्त नव्हे, आडमुठेपणा आहे; आणि वडीलधाऱ्यांच्या आडमुठेपणापायी नासतं ते दूध नेहमी दुसऱ्याचंच असतं.