फांदीवरची जागा

फार जुनी गोष्ट. दरीकाठच्या एका उंबरावर वानरांचा कळप राहायचा. त्यातल्या सावरीला तिच्या लेकीची, पिंगीची, सतत काळजी. आईच ती, काळजीला कारण थोडंच लागतं! पलीकडच्या डोंगरावरचा एक वानर पिंगीसाठी येऊ लागला, तेव्हा सावरीने फांदी गदागदा हलवून त्याला हाकललं.

"आई, काय वाईट आहे गं त्याच्यात?"

"कुठला कोण! त्यापेक्षा तुझ्या आत्याचा पोरगा काय वाईट आहे? घरातला, माहितीतला."

पिंगीने ऐकलं. पिलू झालं, थेट आजीच्या तोंडवळ्याचं. सावरी हरखून गेली.

मग ताप आला. उंबरावर सोयरिकी घरातल्या घरात, म्हणून सगळ्यांच्या अंगातले, रोगाला अडवणारे पहारेकरी एकाच घराण्यातले. तापाने एकाला चकवलं आणि सगळेच फसले. पिंगीचं पिलू गेलं, पाठोपाठ अर्धा कळप. पलीकडे घराणी मिसळलेली, पहारेकरी तऱ्हेतऱ्हेचे. ताप तिथेही गेला, पण बहुतेक पिलं वाचली.

उंबरं पुन्हा पिकली, तेव्हा तो परका वानर परत आला. पिंगीने मान वर केली नाही.

"बस रे बाबा," म्हणत सावरी बाजूला सरकली.

सरकायची खरं तर गरजच नव्हती. फांदीवर आता जागाच जागा होती.