उकिरड्यातली अंगठी

राजे गंभीरराव पालखीतून थेट उकिरड्यात पडले!

गुरव आळीच्या तोंडाशीच तो उकिरडा होता. केळीची सालं, आंब्याच्या कोयी, फुटकी मडकी, राख, सगळा कंबरभर ढीग. एका भोयाचा पाय कोयीवरून घसरला, पालखी कलंडली आणि महाराज पगडीसकट आत!

"कुणाचा हा कचरा?" महाराज राखेतूनच गरजले.

आळीतली बारा घरं हात जोडून बाहेर आली. देवळात संबळ वाजवणारे म्हातारे बाबाजी गुरव पुढे झाले. मागे त्यांची लेक मैना होती. तिच्या हातात अर्धवट लावलेली पत्रावळ तशीच राहिली होती.

"महाराज, आमचा नाही. वरच्या पेठेतली माणसं इथे टोपल्या रित्या करतात. आम्ही सकाळी उचलतो, तर दुपारी पुन्हा तेवढाच!"

"ते मला सांगू नका. ज्याच्या दारात, त्याचं! आठ दिवसांनी मी पुन्हा येईन. इथे एक साल जरी दिसलं, तर अख्खी आळी वेशीबाहेर!"

कोतवाल खाकरला. "सरकार, मी पहारा बसवून पाहिला. पहारेकऱ्याच्या डोक्यावरच टोपली ओतली. भिंत घातली, तर भिंतीवरून टाकू लागले."

"मग पहारा नको, भिंत नको. कुणाला मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. आळी यांची, कचरा यांचा, बघतील हे!"

बाबाजींनी देवळाच्या कळसाकडे पाहिलं. आळी वेशीबाहेर गेली, तर देवापुढे दिवा कोण लावणार?

मैना हळूच म्हणाली, "महाराज, आमच्या दारात पडेल ते सगळं आमचं?"

"सगळं!"

"आणि त्यात सोनं निघालं तर?"

"कोयींमध्ये सोनं? निघालंच, तर तेही तुमचं! कोतवाल, द्या हिला लिहून. शिक्क्यानिशी!"

महाराज पगडी झटकत निघून गेले आणि आळी ढीग उपसायला बसली. उपसता उपसता मैनाला एक घडी घातलेली पत्रावळ दिसली. दुहेरी काठाची, तिनेच लावलेली. तिच्यातून आमरस गळला की काय, हे पाहायला तिने ती उलगडली. रस गळला नव्हता. पण कोयीशेजारी माणकाची अंगठी लखलखत होती!

मैनाने अंगठी पदराच्या गाठीला बांधली.

"बाबा, संबळ घ्या! वरच्या पेठेत जायचंय."

"भांडायला?"

"छे! आभार मानायला."

पेठेत संबळ दणाणला. खिडक्या उघडल्या. मैना लाजली, पण आवाज खणखणीत लावला, "ऐका हो ऐका! आमच्या उकिरड्यात सोन्याची अंगठी सापडली! ज्याच्या दारात, त्याचं, हा महाराजांचा हुकूम! अशीच कृपा असू द्या. टोपल्या भरभरून टाका!"

मग माडीवरून एक काकू ओरडल्या, "अगं बाई! माझी बुगडी गेल्या महिन्यापासून सापडत नाही! अहो, ती टोपली खाली ठेवा आधी!"

त्या दिवसापासून अख्खी पेठ आपापल्या परसात बसून कचरा चाळू लागली. चाळता चाळता राख भांडी घासायला गेली, सालं म्हशीपुढे गेली. राहिलेलं टाकायला कुणी निघालं, की आतून हाक यायची, "आळीत नको गं! परसातच पूर. नजरेतून काही सुटलं, तरी आपल्याच घरात राहील!"

आठव्या दिवशी महाराज आले. मागून राणीसाहेबांचा मेणा आला. आळीच्या तोंडाशी सडा घातलेला, त्यावर रांगोळी. महाराज बघतच राहिले.

एवढ्यात एक गडी दोन टोपल्या घेऊन आला. सवयीने मान खाली घातली, भडाभडा टोपल्या रांगोळीवर ओतल्या, मान वर केली आणि जागीच थिजला!

"एक साल नव्हे सरकार, दोन टोपल्या!" कोतवाल म्हणाला.

बाबाजींनी डोळे मिटले.

"कुणाचा हा कचरा?" महाराज गरजले.

"आमचाच, महाराज," मैना म्हणाली. "तुमचाच तसा हुकूम आहे. पण या दुहेरी काठाच्या पत्रावळी मी एकाच घरासाठी लावते."

"कुणाच्या?"

"जिथे महाराज आमरस जेवतात! मागच्या पंगतीच्या पत्रावळीत हीही आली होती." मैनाने पदराची गाठ सोडली.

"माझी अंगठी!"

मेण्याचा पडदा सरकला. "अस्सं! ती तर सोनाराकडे उजळायला दिली होती ना?"

महाराज कानापर्यंत लाल झाले. "जेवताना काढून पत्रावळीच्या काठावर ठेवली, आणि... दे गं ती इकडे!"

"कशी देऊ? ज्याच्या दारात, त्याचं!" मैनाने शिक्क्याचा कागद पुढे केला.

"हुकूम चुकला माझा!"

"मग बदला ना, महाराज. ज्याच्या घरातून निघालं, त्याचं! म्हणजे अंगठी तुमची..." तिने ढिगाकडे बोट केलं, "आणि या दोन टोपल्याही तुमच्या!"

महाराजांनी अंगठीकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं, आणि असे खो खो हसले की भोयांनी पालखी घट्ट धरली!

"कोतवाल, लिहा नवा हुकूम! आणि नदीकाठचं पळसाचं रान आजपासून गुरव आळीचं. हिला पानं कमी पडता कामा नयेत!" मग अंगठी घेऊन त्यांनी ती मैनाच्या तळहातावर ठेवली. "आता ही माझी झाली ना? माझी झाली, म्हणूनच तुला दिली!"

"आणि टोपल्या, सरकार?" गड्याने भीत भीत विचारलं.

"भर, आणि ठेव पालखीत! वाड्याचा माल वाड्यावर जाऊ दे. मी येतो चालत!"