मथुराई कासारणीने चावडी गप्प केली

आपल्या खापरपणजीच्याही आधीच्या काळी निंबदरा गावात मथुराई नावाची कासारीण राहत होती. बांगडी कितीही लहान असो, हाताला ओरखडा न काढता ती चढवायची. तिच्या बोटांत लोणी होतं, असं म्हणतात.

एका सुगीत पुंडांची टोळी गावावर आली आणि कोष्ट्याची सगुणा त्यांनी उचलून नेली. एकोणिसाव्या दिवशी ती एकटी चालत परत आली. हातांत एकही बांगडी उरली नव्हती.

मथुराई टोपली घेऊन धावली. इतकी वर्षं करायची तसंच तिने केलं, सगुणाचं मनगट धरलं. सगुणा किंचाळली आणि भिंतीला जाऊन चिकटली. मथुराईला स्वतःचाच इतका राग आला, की त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सगुणाच्या ओसरीवर नुसती बसू लागली. काही विचारायचं नाही, हात लावायचा नाही. शेजारणीही येऊन सूत उकलत बसायच्या, एखादी गाण्याची ओळ गुणगुणायच्या. अकराव्या दिवशी सगुणाने आपण होऊन हात पुढे केला.

पण पंचांना दम कुठला? सगुणाची शुद्धी करायची, तर काय काय घडलं ते तिने भर चावडीत सांगावं, असा हुकूम निघाला. तेही एकदा नाही, तीनदा. टोळी आली तेव्हा ज्यांनी धान्याच्या कणग्यांत अंग चोरलं, तेच आता तोंडात विडा घालून ऐकायला बसले.

पहिल्याच प्रश्नाला सगुणाची वाचा बसली. सुभानजी पाटील म्हणाला, "बोल की पोरी, लाजतेस कशाला?"

मथुराई उठली. "पाटीलबुवा, आधी तुम्ही सांगा. त्या दिवशी तुम्ही कुठल्या कणगीत होता, आणि हिची हाक तुम्हाला किती वेळा ऐकू आली?"

पाटील लालेलाल झाला. "कासारणी, तुझं काम बांगड्या भरायचं."

"भरल्यात की. ऐका आता."

असं म्हणतात, की चावडीतली एकही बाई हलली नाही, तरी प्रत्येकीच्या हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. पंचांनी तोंड उघडलं की बांगड्यांचा कल्लोळ, मिटलं की शांत. दिवस कलेपर्यंत पुढचा एकही प्रश्न त्यांना विचारता आला नाही. शेवटी एकेक जण खाली मान घालून निघून गेला.

पुढे सगुणाने कुणाला काही सांगितलं का? गावाला माहीत नाही. ते माहीत करून घेणं गावाचं कामच नव्हतं.

मथुराईला जाऊन किती पिढ्या झाल्या. पण निंबदऱ्यात कुठल्या बाईवर काही बेतलं, तर आजही तिला चावडीवर बोलावत नाहीत. पंचच तिच्या दारी जातात आणि वहाणा काढून उंबऱ्याबाहेर उभे राहतात. आत तिच्याजवळ तिला हवी ती बाई बसलेली असते. तिला बोलायचं असलं, तर ती पंचांना आत घेते. नसलं, तर पंच वहाणा हातात घेऊन निमूट परत जातात. याला तिथे मथुराईचा दंडक म्हणतात.