शाळेच्या दारावरचा डहाळा

आटपाट नगरात नव्हे, आपल्यासारख्याच एका साध्या गावात एक कोतवाल होता. पाटील सांगेल ते करायचं आणि आपल्या मनाचं काही करायचं नाही, ही दोन्ही कामं तो चोख करी.

एका वर्षी तापाची साथ आली. पाटलाने हुकूम दिला, "जिथे गर्दी जमते त्या दारावर कडुलिंबाचा डहाळा बांध. डहाळ्याखालून कोणी जायचं नाही." कोतवालाने बाजाराच्या वेशीवर, देवळावर, तालमीवर आणि शाळेवर डहाळे बांधले.

दोन महिन्यांनी ताप ओसरला. पाटील म्हणाला, "ज्याची तक्रार आधी, त्याचा डहाळा आधी उतरेल." व्यापारी तर चावडीवर येऊन बसलेच होते. मग पुजारी आले, मग पैलवान मांड्या थोपटत आले. एकेक डहाळा उतरला. शाळेची तक्रार कोणीच केली नाही. मास्तर हुकमाची वाट पाहत होते, पोरं सुट्टीवर खूश होती, आणि पाटलाने शाळेत आपला कडबा रचला होता. असे आणखी चार महिने गेले.

एकदा कोतवालाला खोकला झाला. वैद्यबुवांची पुडी त्याने लेकीपुढे धरली. "वाच गं बाय, कितीदा घ्यायचं लिहिलंय?"

लेक अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "बाबा, ही सगळी ओळखीची होती. आता नावं आठवत नाहीत."

तिची पाटी कुठाय म्हणून त्याने पाहिलं, तर ती ताकाच्या मडक्यावर झाकण होऊन बसली होती.

त्याला जेवण गोड लागेना. डहाळा त्यानेच बांधला होता, गाठही त्याचीच.

दुसऱ्या दिवशी तो चावडीवर गेला. "पाटील, शाळेचा डहाळा उतरवतो."

"शाळेने तक्रार केली का?"

"मी करतो."

"ताप अजून शेजारच्या गावात आहे. पोरांना झाला म्हणजे?"

"वैद्यबुवांना विचारलं. उघड्यावर, लांब लांब बसवा म्हणाले. तुमचं खळं रिकामंच आहे. मधल्या खांबापाशी मास्तर, भोवती पोरं."

"एकाला जरी ताप आला, तर तुझी कोतवाली गेली."

कोतवाली गेली तर घरची चूल थंड. तरी कोतवाल म्हणाला, "बरं."

"आणि माझा कडबा?"

"राहू द्या की शाळेत. त्याला कुठे खळ्यात बसून धडे घ्यायचेत?"

खळ्यात शाळा भरली. पहिले पंधरा दिवस कोणी शिंकलं तरी कोतवाल धावत जाऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाही. पण शिंका खळ्यातल्या धुळीच्या होत्या. ताप काही आला नाही.

पुढच्या वर्षी साथ परतली. पाटलाने डहाळे मागवले. कोतवाल ते घेऊन चावडीवर पोचला, तर व्यापाऱ्यांच्याही आधी पायरीवर एक पाटी येऊन बसली होती. पाटलाने ती उचलून वाचली: "आमची तक्रार पहिली. शाळा खळ्यात भरवा."

"हे कोणी लिहिलं रे?"

कोतवालाने पाटी नाकाशी नेली. "मला वाचता येत नाही, पाटील. पण ताकाचा वास ओळखीचा आहे."

त्या वर्षी बाजार बंद होता, तालीम बंद होती. खळ्यातून मात्र रोज पाढे ऐकू येत.

तात्पर्य: संकटात दारं बंद करावी लागतात, पण ज्यांना तक्रार करता येत नाही, त्यांच्या दाराची आठवण बंद करणाऱ्यानेच ठेवावी.